गुलाबी थेंब

दवाखान्यात सगळे तिला मेणताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. सव्वीस वर्षं तिने एकच काम केलं. माणसाच्या अंगातून काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, मेणाची वडी थंड झाली की तिचे केसापेक्षा पातळ काप काढायचे, ते काचेवर चढवायचे आणि रंगवायचे. मग मोठे डॉक्टर ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून सांगायचे, गाठ साधी की कर्करोगाची. सही त्यांची, शाबासकी त्यांची. ताईच्या वाट्याला मेणाचा वास, तो आंघोळ केली तरी केसांतून जायचा नाही.

ती तिथे आली होती काचा धुवायला. एकोणीस वर्षांची होती. काप काढणारे गृहस्थ निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेल्या दोघांनी पात्यावर बोटं कापून घेतली, आणि एका दुपारी कुणी नाही म्हणून तिला यंत्रावर बसवलं. तीन महिने तिचे काप फाटत होते, चुरगळत होते. चौथ्या महिन्यात पाण्यावर कापांची एक अख्खी पट्टी सलग तरंगली तेव्हा ती एकटीच खोलीत होती, आणि तिने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नाही.

स्वभाव फटकळ. तळमजल्यावरच्या त्या खोलीत ती कुणाची भीडभाड ठेवत नसे. एकदा एका शल्यचिकित्सकाने बाटलीवर रुग्णाचं नाव न घालता तुकडा पाठवला. तिने तो परत पाठवला. ते तरातरा खाली आले, ओरडले. ताई शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, पोट फाडायला सुरी लागते हे मान्य. नाव लिहायला नुसतं पेन लागतं." ते महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत, पण पुढे त्यांची एकही बाटली बिननावाची आली नाही.

तिला एकाच गोष्टीचा मनापासून राग होता, तो एका चिठ्ठीचा. सुईने काढलेला नमुना काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक असतो आणि नखाएवढा लांब. तो घेताना आत काय आलं हे कुणाला दिसत नाही. चार दिवस मेणात घालून, कापून, रंगवून झाल्यावर कळतं की सुईत नुसती चरबी आलीय, नाहीतर साकळलेलं रक्त. मग ताईने चिठ्ठी लिहायची: नमुना अपुरा, पुन्हा पाठवावा. म्हणजे त्या माणसाला परत बोलावणं, परत सुई, परत चार दिवस जीव टांगणीला. काही माणसं परत येतच नसत. ती चिठ्ठी लिहिताना ताई दर वेळी कुणाला तरी मनात शिवी द्यायची. कुणाला, ते तिचं तिलाही नक्की ठाऊक नव्हतं.

म्हणून जेव्हा ते नवीन यंत्र आलं, तेव्हा ताई अडवून धरेल असं सगळ्यांना वाटलं होतं ते साफ खोटं ठरलं. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. त्यात बिस्किटाएवढी काचेची चिप सरकवायची, आणि त्या चिपच्या आत बारीक वाटा कोरलेल्या. सुईतला तुकडा एका तोंडातून आत सोडला की पाण्याचा हलका दाब त्याला पुढे ढकलतो. वाटेत यंत्राचा स्वतःचा रंग त्याला लागतो. तो रंग फक्त पेशींच्या गाभ्याला चिकटतो आणि निळ्या उजेडात चमकतो. खाली बसवलेला कॅमेरा ती चमक मोजतो. गाठीत असे गाभे दाटीने असतात, चरबीत आणि रक्तात विरळ. भरपूर चमकलं तर हिरवा दिवा, म्हणजे नमुना पुरेसा. नाहीतर पिवळा, म्हणजे आणखी एक घ्या.

"किती वेळ लागतो?" ताईने यंत्र घेऊन आलेल्या कंपनीच्या मुलीला विचारलं.

"नऊ मिनिटं."

"आणि पेशंट तिथेच असतो? खाटेवर?"

"हो, तेच तर."

"मग इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?" ताई तिच्यावरच खेकसली.

सोबतच्या बायका म्हणाल्या, अगं, तुझ्याच पोटावर पाय येईल. ताई म्हणाली, "पुरेसं आहे का एवढंच सांगतं ते. रोग कुठला ते मेणच सांगणार. आणि उद्या तेही त्याने सांगितलं, तर मी घरी जाऊन झोपेन. सव्वीस वर्षांची झोप राहिलीय माझी."

तीस रुग्णांवर यंत्र वापरून बघायचं ठरलं आणि ते चालवायला ताईलाच वर पाठवलं, कारण तेवढा बारीक तुकडा न तोडता उचलणारा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा खाटेपाशी उभी राहिली. तिला माणसं ठाऊक होती ती बाटलीवरच्या आकड्यांनी. आता त्यांना चेहरे होते, घाम होता, आणि कुणी कुणी तिचाच हात घट्ट धरत होतं. तिला ते फार जड गेलं, पण तिने घरी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

पहिल्या अकरा जणांना हिरवा दिवा लागला. अकराच्या अकरा. सुईने नमुने घेणारे डॉक्टर खूश झाले. एक टोचणी, नऊ मिनिटं, पुढचा पेशंट. त्यांना तिथे सगळे सुईवाले डॉक्टर म्हणत, आणि घाई हा त्यांचा जन्मजात आजार होता.

मग तेच तुकडे खाली मेणात गेले आणि निकाल यायला लागले. अकरापैकी चार तुकडे रिकामे निघाले. तिनांत चरबी, एकात रक्त. यंत्राने छातीठोकपणे पुरेसं म्हटलेले चार नमुने. तळमजल्यापासून वरपर्यंत हशा पिकला. कंपनीच्या मुलीने तुमचे नमुनेच खराब म्हटलं, तेव्हा ताईच म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं!" ती यंत्रावर इतकी चिडली होती की वाटेत भेटेल त्याला सांगत सुटली, हे खोटारडं आहे. ज्याच्यावर जीव लावला त्यानेच फसवल्यासारखं तिला झालं होतं.

चार चिठ्ठ्या गेल्या. तिघं जण मुकाट्याने परत आले. चौथ्या होत्या भूगोलाच्या बाई. बासष्ट वर्षांच्या, शाळेतून निवृत्त, काखेजवळ गाठ. फोन करणाऱ्या कारकुनाने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला होता, तरी ताईला शब्दन् शब्द ऐकू आला.

"त्या दिवशी पुरेसं म्हणालात ना? मीच ऐकलं. आता अपुरं कसं झालं? वाटेत सांडलं का? मी काय टाचण्या टोचायची उशी आहे? येणार नाही मी. जे व्हायचं ते होऊ दे." फोन आपटला.

कारकुनाने वहीत लिहिलं: रुग्णाचा नकार. त्याच्या दृष्टीने काम संपलं.

दोन दिवसांनी बारावा रुग्ण होता. ताईने तुकडा सुईवरून बशीतल्या पाण्यात उतरवला, सवयीने खिशातली बाटली काढली, आणि बघते तर बाटली रिकामी. ही बाटली इओसिनची, गुलाबी रंगाची. बारीक तुकडे पांढऱ्या मेणात दिसेनासे होतात आणि हरवतात, म्हणून त्यांच्यावर आधीच गुलाबी थेंब टाकायचा, ही ताईचीच शिकवण. तिच्या खोलीत कुणी थेंब विसरलं तर ती दिवसभर बोलायची. खाली जाऊन भरून आणायला वेळ नव्हता. तिने तुकडा तसाच चिपमध्ये सोडला.

नऊ मिनिटांनी पिवळा दिवा लागला. पहिल्यांदाच.

डॉक्टरांनी कुरकुरत दुसरा तुकडा घेतला. हिरवा. ताईने दोन्ही तुकडे वेगळ्या बाटल्यांत घातले, यंत्र उचललं आणि तळमजल्यावर येऊन दाराला कडी घातली. तासाभरापूर्वी ऑपरेशनमधून एक मोठा तुकडा आला होता. त्याच्या कडेची टाकून द्यायची नुसती चरबी तिने घेतली आणि तिच्या दोन बारीक काड्या कापल्या. पहिली तशीच चिपमध्ये घातली. पिवळा. दुसरीवर गुलाबी थेंब टाकून घातली.

हिरवा.

इओसिनही निळ्या उजेडात चमकतं. आणि ते काही फक्त गाभ्याला चिकटत नाही. चरबी, रक्त, धागे, समोर येईल त्याला रंगवतं. कॅमेऱ्याने चमक मोजली आणि बिचाऱ्याने खरं ते सांगितलं. खोटारडं यंत्र नव्हतं. खाटेपाशी उभं राहून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिनेच अकरा वेळा त्याच्या डोळ्यात धूळ फेकली होती. कुणी अडवलं नाही, कारण तिथे सगळे सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत होते.  

ताईने दाराची कडी काढली आणि ती थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला भांडणाची भीती वाटायची, आणि अशी माणसं कधी कधी वाईट माणसांपेक्षा जास्त नुकसान करतात.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही, सर."

"सांगू नकोस. यंत्र सोमवारी परत जातंय. सगळ्यांना वाटतंय यंत्र वाईट, वाटू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि त्या चार जणांचं काय?"

"बोलावलं ना आपण त्यांना."

"तिघं आले. एक बाई येत नाहीत."

"त्यांची मर्जी. नकार लिहून घेतलाय."

"सर, त्या आपल्यावर रुसल्यात. यंत्रावर नाही, गाठीवर नाही. आपण पुरेसं म्हटलं म्हणून रुसल्यात. आणि पुरेसं मी म्हणायला लावलं."

"ताई," डॉक्टरांनी चष्मा काढला, "पेशंटला आपली चूक सांगायची नसते. तुझी नोकरी जाईल, माझ्या डोक्याला ताप होईल, आणि त्या बाईंना काय मिळेल? जा, काम कर."

ताई दारापर्यंत गेली आणि वळली. "तुम्ही मला कामच करायला सांगताय ना? मग तेच करते," ती म्हणाली आणि दार जरा जोरातच लावलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून घरी आल्यावर त्याला शांतता लागायची, आणि लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी ती काही मिळाली नव्हती.

"म्हणजे हात दाखवून अवलक्षण," तो म्हणाला.

"अहो, ती बाई गाठ घेऊन घरात बसलीय."

"मी नको म्हणालो का? अवलक्षण म्हणालो." त्याने चपला पायात घातल्या. "पत्ता आहे का?"

"आहे. आणि त्यांच्याकडे वर येऊ नका. खाली थांबा."

भूगोलाच्या बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. दार उघडलं, पण साखळी काढली नाही. त्या फटीतून ताईने सगळं सांगितलं. मेण, गुलाबी थेंब, हिरवा दिवा, चरबीच्या दोन काड्या. मध्ये कुठेही गरीब तोंड केलं नाही. शेवटी म्हणाली, "चूक माझी आहे. मला माफ करू नका, पाहिजे तर तक्रार करा. पण गाठीची तपासणी करा."

साखळी निघाली. बाईंनी तिला आत बसवलं नाही. टेबलापाशी उभं केलं, समोर कोरा कागद ठेवला आणि पेन्सिल दिली.

"काढून दाखव. मला आकृतीशिवाय काही कळत नाही."

ताईने चिप काढली, वाट काढली, तुकडा काढला. बाईंनी तीनदा अडवलं. कॅमेरा वरून बघतो की खालून? रंग धुऊन जात नाही का? मग तुमच्यापैकी कुणी तुझ्या हाताकडे बघितलं कसं नाही? शेवटच्या प्रश्नाला ताईने पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे तू शिस्तीने चूक केलीस," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं शिकवलं मी. बेशिस्त पोरांच्या चुका लगेच सापडतात. तुझ्यासारख्यांच्या सापडत नाहीत."

"हो, बाई."

"आणि हे सांगायला तुला त्यांनी पाठवलं?"

"नाही. सांगू नकोस म्हणाले."

बाई पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आकृतीखाली लिही काय झालं ते. सही कर. दोन प्रती. एक माझ्याकडे राहील, एक तुझ्या त्या सरांना दे. आणि मी येईन ती एका अटीवर. ते यंत्र हवं, आणि ते तूच चालवायचं."

"यंत्र खोक्यात बंद केलंय, बाई. सोमवारी जाणार."

"मग मी शनिवारी येते."

शुक्रवारी सकाळी ताईने आपली प्रत आवक-जावक खिडकीवर दिली, वर शिक्का मारून घेतला, आणि मोठ्या डॉक्टरांकडे पाठवली. दुपारपर्यंत तिला तीन बोलावणी आली. ती एकदाही गेली नाही. काप काढत होते, म्हणाली, आणि ते खरंच होतं.

शनिवारी तिने खोक्यावरची चिकटपट्टी आपल्या पात्याने कापली आणि यंत्र गाडीवर ठेवून वर आणलं. सुईवाल्या डॉक्टरांनी बघून कपाळाला हात लावला.

"हे परत? परवानगी आहे?"

"माझी आहे," खाटेवरून भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "गाठ माझी आहे, म्हणून परवानगी माझीच लागेल असं मला वाटतं."

डॉक्टरांनी जागा बधिर केली, सुई घातली, पहिला तुकडा काढला. ताईने तो बशीत उतरवला. तिचा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा तिने घरूनच शिवून बंद केला होता. तिने तुकडा तसाच चिपमध्ये सोडला.

नऊ मिनिटं. पिवळा.

दुसरा. पुन्हा नऊ मिनिटं. पुन्हा पिवळा.

"बास आता," डॉक्टर म्हणाले. "तुकडा मी डोळ्यांनी बघितला, चांगला पांढरा आहे, सलग आहे. बाहेर सहा जण थांबलेत. बाटलीत घाल."

ताई हलली नाही. "डॉक्टर, हा नमुना मी घेणार नाही."

"काय?"

"पांढरी चरबीही असते. हा मी मेणात घालीन, चार दिवसांनी रिकामा निघेल, आणि चिठ्ठी मला लिहावी लागेल. मी ती लिहिणार नाही. एकदा लिहिली यांना. पुरे झालं."

"तू तंत्रज्ञ आहेस, ताई! मला शिकवणार तू?" डॉक्टरांचा आवाज चढला, त्यांनी गाडीवर हात आपटला. दारातली परिचारिका आत डोकावली. बंद बाटलीचं झाकण ताईने मुठीत धरलं होतं आणि मूठ सोडली नाही.

"हात आपटू नका," बाई खाटेवरून म्हणाल्या. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता. "त्याच हाताने मला टोचायचंय तुम्हाला. दोनदा तुम्ही शेजारच्या गावात शिरलात. आता जरा डावीकडे बघा."

डॉक्टरांनी एक लांब श्वास घेतला. मग खरंच पडद्यावरची गाठ पुन्हा नीट बघितली, या वेळी घाई न करता. सुईचा कोन बदलला. तिसरा तुकडा आला.

नऊ मिनिटं. ताई दिव्याकडे बघत नव्हती, ती बाईंकडे बघत होती. बाईंनीच तिला सांगितलं, "हिरवा लागला गं." ताईने झाकण उघडलं आणि तिचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता.

तो तुकडा तिने स्वतः मेणात बसवला, स्वतः कापला. काच मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्यांनी तिच्यापुढे एक पत्र सरकवलं: विनापरवानगी यंत्र वापरल्याबद्दल लेखी ताकीद. तिने सही केली आणि विचारलं, "यंत्र?" ते म्हणाले, "कंपनीला कळवलंय. तीस रुग्ण पुन्हा पहिल्यापासून." मग खालच्या आवाजात पुढे म्हणाले, "थेंबाशिवाय." तिने पत्राची घडी घालून दुसऱ्या खिशात ठेवली. घरी नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, चांगलं मोठं अक्षर आहे.

बुधवारी भूगोलाच्या बाई निकालाला आल्या. ताईला त्यांनी आत बोलावून घेतलं. मोठ्या डॉक्टरांना ते आवडलं नाही, पण त्यांनी हो म्हटलं. कर्करोग होता. लहान होता, एका जागी होता, वेळेत सापडला होता. आणखी सहा महिने घरात बसला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली, आणि बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

ताईला वाटलं, आता या रडतील. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

बाईंनी पेला घेतला नाही. त्यांनी काचेची ती पट्टी मागितली, उजेडासमोर धरली आणि गुलाबी-जांभळ्या डागाकडे डोळे बारीक करून बघितलं.

"हा होय," त्या म्हणाल्या. "इतके दिवस मी तुम्हा लोकांशी भांडत होते. आता कळलं कुणाशी भांडायचंय ते." आणि काच ताईच्या हातात परत देऊन त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सुरुवात कधी करायची? उद्या सकाळी मला वेळ आहे."